टस्कनीची कार्यशाळा आणि परत आलेला लेख

पत्र थोडक्यात असं आहे. बडोद्याच्या एका वाचक भगिनी, वय ४९, विमा कंपनीत नोकरी. मुलगा पुण्याला शिकतो. चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर ग्रुप टूरने युरोप पाहिला. त्याबद्दल व्हॉट्सॲपवर लिहिलेले तुकडे नातेवाइकांना आणि सोसायटीतल्यांना फार आवडले, मैत्रिणी 'आता पुस्तकच काढ' म्हणू लागल्या. त्या तुकड्यांचा एक मोठा लेख करून त्यांनी दोन दिवाळी अंकांना पाठवला. एकाकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्या संपादकांनी एक ओळ लिहून परत केला: 'माहिती चांगली आहे, पण लेख होत नाही.' आता इटलीत टस्कनीला होणाऱ्या प्रवासलेखन कार्यशाळेची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली आहे. सात दिवस, डोंगरातलं जुनं शेतघर, शिकवायला इंग्रजी लेखक, फी २,१०० युरो. विमानभाडं, व्हिसा, वरखर्च धरून आकडा चार लाखांच्या घरात जातो. पैसे त्यांच्या स्वतःच्या मुदतठेवीतले. यजमान नको म्हणत नाहीत, पण ''एमां वळी (यात आणखी) शिकायचं काय? यात थोडी भर घालून आपण दोघंच पुन्हा फिरून येऊ'' असं म्हणतात. त्या लिहितात, ''बडोद्यात बसून प्रवासवर्णन कशावर लिहू? नर्मदाकाठी चांदोदला जातो तेसुद्धा क्रियाकर्मापुरते. जाऊ का, की या वयात हा वेडेपणा ठरेल?'' सोबत परत आलेला लेख आणि कार्यशाळेचं वेळापत्रक जोडलं आहे.

उत्तर

नमस्कार,

वेडेपणाचं आधी निकालात काढू. पैसे तुमच्या कमाईचे आहेत आणि ते मोडले तर घरातलं कुठलंही काम अडणार नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मुलाच्या मुंजीत जेवणावळींवर किती गेले याचा हिशेब आपल्याकडे कुणी मागत नाही. बाईने स्वतःसाठी काही शिकायचं म्हटलं की मात्र सगळ्यांना एकदम अर्थशास्त्र आठवतं. तेव्हा 'या वयात' हे शब्द यापुढे पत्रात लिहू नका. एका पत्रात तीनदा आलेत.

तरीही 'भरा फी आणि निघा' असं मी लगेच म्हणणार नाही. का, ते तुमच्या लेखापासूनच सांगते.

लेख मी दोनदा वाचला. अकरा पानं. पहिल्या पानावर बॅगा भरल्या जातात, दुसऱ्यावर मुंबईचा विमानतळ येतो, आणि तिथून पुढे जवळपास प्रत्येक परिच्छेद 'त्यानंतर आम्ही' असा सुरू होतो. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथली रेल्वे १९१२ साली पूर्ण झाली, हे तुम्ही अचूक दिलंय. पण ते गाइडनेही सांगितलं होतं, माहितीपत्रकातही आहे, आणि ज्याला हवं त्याला फोनवर क्षणात मिळतं. संपादक ज्याला 'माहिती चांगली' म्हणाले ती ही.

आणि मग सातव्या पानावर एक वाक्य येतं. 'आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी संपूर्ण टूरमध्ये घड्याळ बदललं नाही, कारण त्यांच्या बीपीच्या गोळ्या घरच्या वेळेनेच घ्यायच्या होत्या.' त्याच्या पुढचं वाक्य: 'त्यानंतर आम्ही ल्युसर्नला गेलो.'

अहो, जाऊ नका ना ल्युसर्नला! उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे बडोद्यातली सकाळी आठची गोळी तिथे पहाटे साडेचारला. हा माणूस रोज अंधारात उठून बसत होता का? काकू सोबत होत्या का, आणि त्या उठत होत्या का? गोळी उपाशीपोटी चालत नसेल तर खायला काय होतं, घरून आणलेलं काही? नाश्त्याच्या टेबलावर सगळे घाई करत असताना यांच्या घड्याळात जेवणाची वेळ झालेली असायची, तेव्हा ते काय बोलायचे? असा माणूस दहा दिवस तुमच्या शेजारी बसून आल्प्स बघत होता आणि तुम्ही त्याला एक ओळ दिलीत. त्या रेल्वेच्या बोगद्याला दीड पान दिलंत.

'लेख होत नाही' याचा अर्थ मी असा लावते. तुमची भाषा स्वच्छ आहे, निरीक्षण तर आहेच, नाहीतर काका दिसलेच नसते. पण लेखाची मांडणी टूर कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेने केलीय, तुम्ही केलेली नाही. 'आम्ही' म्हणजे चाळीस जणांची बस. त्या बसमध्ये तुम्ही कुठे होतात, तुम्हाला काय हवं होतं, कशाचा कंटाळा आला, कुणाचा राग आला, यातलं काही कळत नाही. व्हॉट्सॲपवर हे खपून जातं, कारण वाचणारे तुम्हाला ओळखतात आणि मधल्या रिकाम्या जागा ते स्वतःच भरून घेतात.

आता प्रश्न असा की हे टस्कनीत जाऊन सुधारेल का.

काही अंशी, हो. 'लिहायला काय शिकायचं' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याच्या समर्थनार्थ आपल्याकडे जो दाखला हमखास दिला जातो तोही पटत नाही. गोडसे भटजींनी कुठे कार्यशाळा केली होती, असं लोक म्हणतात. खरंय. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. पंचवीसेक वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांनी आठवणीतून सगळं लिहिलं आणि ते छापून यायला १९०७ उजाडलं. पण त्यांच्या डोळ्यांदेखत झाशी पडली. असा ऐवज पदरात असेल तर माणसाला मांडणीची फिकीर नसते. तुमच्या-माझ्या वाट्याला हॉटेल, बस, गाइड आणि बुफे येतात. त्यातून वाचनीय काही काढायचं तर कसब लागतं, आणि कसब शिकता येतं.

चांगल्या कार्यशाळेत काय होतं? सकाळी दोन-तीन तास बैठक असते. शिकवणारा लेखक एखादा उतारा वाचून दाखवतो, त्यात कुठे काय साधलंय ते उलगडतो आणि तिथल्या तिथे लिहायला लावतो. दुपारी गावात हिंडायचं, पण काहीतरी काम घेऊन. बाजारात तासभर एकाच जागी बसा आणि फक्त कानावर पडेल ते टिपा, असलं काहीतरी. संध्याकाळी सगळ्यांनी आपापलं लिहिलेलं वाचायचं. आठ-दहा अनोळखी माणसं ऐकतात आणि कुठे लक्ष उडालं ते तोंडावर सांगतात. शिवाय लेखकाबरोबर स्वतंत्र अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात तुमची पानं ओळीओळीने वाचली जातात. पैसे मोजायचे ते या शेवटच्या दोन गोष्टींसाठी. परक्या माणसाला तुमच्या प्रवासाशी काही देणंघेणं नसतं. तो ऐकत राहिला तर ते तुमच्या लिखाणामुळेच.

इंग्लंडमध्ये आर्व्हन नावाची संस्था १९६८ पासून असे निवासी वर्ग घेते. गावाबाहेरचं घर, सोमवार ते शनिवार, साधारण सोळापर्यंत माणसं, शिकवायला दोन लेखक, मध्ये एका संध्याकाळी पाहुणा लेखक. रात्रीचा स्वयंपाक सगळ्यांनी आळीपाळीने करायचा. स्थळदर्शन वगैरे भानगड नाही. मला ही रीत आवडते, कारण तिथे लिहिण्यावाचून दुसरं काही करायला मिळतच नाही.

तुमचं टस्कनीचं वेळापत्रक मात्र मी पेन घेऊन तपासलं. पहिला दिवस पोहोचण्यात, शेवटचा निघण्यात. मधल्या पाचांत एक दिवस सिएना, अर्धा दिवस सान जिमिन्यानोचे मनोरे, एक दुपार पास्ता करायला शिकणं, एक संध्याकाळ द्राक्षमळ्यात. लिहिणं आणि वाचन मिळून उरतात अकरा तास. फी भागिले तास करून बघा: तासाला सुमारे १९० युरो, म्हणजे एकोणीस हजारांच्या आसपास. स्वतंत्र भेटीचा कुठेही उल्लेख नाही. आधी लिखाणाचा नमुना मागवलेला नाही, म्हणजे जो पैसे भरेल त्याला प्रवेश. ही लेखनाची फोडणी दिलेली सहल आहे. सहल म्हणून छानच असेल, आणि तशी करायची असेल तर खुशाल करा. पण मग यजमानांशी भांडायला मुद्दा उरत नाही, कारण ते बिचारे तेच म्हणतायत, फक्त दोघांनी जाऊ म्हणतायत.

यापुढे जो मुद्दा आहे त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. तुम्ही मराठीत लिहिता. कार्यशाळा इंग्रजीत होणार.

तुमचा लेख तिथे कुणाला वाचताच येणार नाही. मग एकतर तुम्ही इंग्रजीत लिहाल किंवा रात्री जागून भाषांतर कराल. दाव्यांचे अहवाल तुम्ही वर्षानुवर्षं इंग्रजीत लिहीत असाल, पण त्या इंग्रजीत काका कसे उतरतील? उतरले तरी, त्या आठ-दहा जणांना आधी ग्रुप टूर म्हणजे काय, बसमध्ये अंताक्षरी का चालते, डबे उघडले की पहिला घास कुणाला दिला जातो, हे समजावून सांगावं लागेल. आठवडाभर तुम्ही परक्यांना आपली माणसं समजावत बसाल आणि ती सवय लागली की मराठी वाचकालाही समजावू लागाल. असं समजावणारं लिखाण दिवाळी अंकांकडे येतं, आणि वाचताना ते लगेच ओळखू येतं.

शिवाय अशा ठिकाणी एक बैठक हमखास 'संपादकाला प्रस्ताव कसा पाठवावा' यावर असते. ती इंग्रजी मासिकं आणि वृत्तपत्रांसाठी असते. दिवाळी अंकांचं काम तसं चालत नाही. बहुतेक संपादकांना पुरा लेख हवा असतो, तोही जून-जुलैपर्यंत, आणि ओळख नसलेल्या लेखकाचा दोन हजार शब्दांच्या आत असेल तर तो निदान वाचला जातो. अकरा पानं बघूनच कपाळाला आठी पडते, हे मी अनुभवाने सांगते.

मग परभाषेतल्या कार्यशाळेतून मराठी लेखकाने काहीच आणू नये? आणावं की. सुरुवात कुठून करायची, काय गाळायचं, माणसाला बोलतं कसं करायचं, स्वतःला लेखात किती ठेवायचं, हे कुठल्याही भाषेत शिकलं तरी आपल्या भाषेत वापरता येतं. वाक्याचा कस मात्र मराठीतच लागतो, आणि तो मराठी कानच लावू शकतो. तुमच्याच गावातलं उदाहरण घ्या. काका कालेलकर साताऱ्याचे, मराठी घरातले. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवत होते. १९१२ मध्ये हिमालयात गेले, पायी हिंडले, आणि पुढे काही वर्षांनी तो प्रवास लिहिला तो गुजरातीत, कारण तोवर त्यांचे वाचक गुजराती होते. तुम्हीही आधी हे ठरवा की लिहिताना डोळ्यांसमोर कोण आहे. इंग्रजीत लिहायचं असेल तर माझं निम्मं उत्तर बदलेल. पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलंय. त्याचा काही उपयोग नाही. आजवर कुठल्याही संपादकाने ते मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता चांदोद. 'तेसुद्धा क्रियाकर्मापुरते' हे तुम्ही इतक्या सहज लिहून गेलात की मी ती ओळ पुन्हा वाचली. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वतीचा संगम, पलीकडे करनाळीला कुबेर भंडारीचं मंदिर, अमावास्येला तिथे उसळणारी गर्दी. आणि अलीकडच्या घाटावर मांडीवर मडकं घेऊन बसलेली घरं. काही लोक तिथे कुबेराकडे मागायला येतात, काही निरोप द्यायला, आणि होडी एकच असते. यावर लिहिण्यासारखं काही नाही असं वाटतं ते केवळ आपण तिथे रांगेत, घाईत, दुःखात गेलेलो असतो म्हणून.

एकदा नुसत्या जा. तुमचे कुणीही गेलेले नसताना. एसटीने जा किंवा रेल्वेने, डभोईवरून. या डभोईहून मियागामकडे गायकवाडांनी १८६२ मध्ये अरुंद रूळ टाकले होते आणि सुरुवातीला त्यांवरून डबे बैल ओढत होते. आता रुंद रूळ आलेत आणि २०२१ पासून गाड्या चांदोदच्या पुढे एकतानगरपर्यंत जातात. तिथला सरदार पटेलांचा पुतळा बघायला निघालेल्या पर्यटकांना मध्ये चांदोद येऊन गेल्याचा पत्ताही नसतो. डब्यात तुमच्या शेजारी कोण पुतळ्याला चाललंय आणि कोण घाटावर, हे कपड्यांवरून ओळखता येतं का ते बघा.

घाटावर माहिती गोळा करू नका. नावाडी भाडं आधी सांगतो की पलीकडे उतरवल्यावर, ते बघा. विधी चालू असताना घरातलं कोण बोलतं आणि कोण गप्प असतं. सगळं आटोपल्यावर माणसं काय खातात, कुणाला पहिल्यांदा भूक लागते. गुरुजी एकाच वेळी दोन कुटुंबांचं उरकत असतील तर नावांची गल्लत होऊ नये म्हणून काय करतात. तुम्ही स्वतः तिथे कुणासाठी गेला होतात ते पत्रात लिहिलेलं नाही. लेखात लिहायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा. पण कच्च्या खर्ड्यात लिहून टाका.

मग घरी येऊन पंधराशे शब्द. पहिल्या खर्ड्यात एकही साल आणि एकही आकडा घालू नका. तो पंधरा दिवस ठेवून द्या. दुसऱ्यांदा लिहिताना एवढीच माहिती आत घ्या जी लेखातल्या कुठल्यातरी माणसाला लागते. बैलांची रेल्वे तुम्हाला मोह पाडेल, मलाही आत्ताच पाडला. पण डब्यातला एखादा म्हातारा तिच्याबद्दल बोलला तरच ती लेखात येऊ द्या. तिसऱ्यांदा फक्त कापा. हेच काकांच्या घड्याळाला लावा. तो लेख तुमच्याकडे अर्धा तयार आहे, फक्त त्यांना फोन करून ते साडेचारचं विचारायचं राहिलंय. आणि छापलं तर चालेल का हेही विचारा. नाव बदललं तरी दांडिया बाजारात लोक ओळखणारच.

वाचणारे परके कान कुठून आणायचे? यासाठी महाराजांची आठवण काढते, बडोद्याच्या माणसाला उत्तर देताना ते टाळता येत नाही. सयाजीरावांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण राज्यात ग्रंथालयं उभारायची ठरली तेव्हा त्यांनी उलटा रस्ता धरला. १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला आणून बसवलं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीची घडी त्या काळात बसली. म्हणजे शिकायला जाणं आणि शिकवणारा बोलावणं, दोन्ही चालतं. तुम्ही चार-पाच जण जमवा. २०१८ चं ९१ वं साहित्य संमेलन बडोद्यात झालं तेव्हा राबलेली, लिहिणारी-वाचणारी किती माणसं गावात आहेत ते दिसलं होतंच. मराठी वाङ्मय परिषदेच्या कार्यक्रमांना जाऊन दोन चेहरे हेरा. नातेवाईक नकोत, सोसायटीतल्या मैत्रिणी नकोत. महिन्यातून एकदा बसायचं. एकाने वाचायचं, मग बाकीचे बोलत असताना त्याने तोंड उघडायचं नाही, खुलासा तर मुळीच करायचा नाही. 'छान आहे' म्हणायला बंदी. सेव-उसळ शेवटी, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जातो. अशा गटाने दिवाळीनंतर मिळून एखाद्या मराठी लेखकाला दोन दिवस बोलावलं, त्याचं भाडं, राहणं आणि मानधन वाटून घेतलं, तर प्रत्येकी जे पडेल ते तुमच्या टस्कनीतल्या एका तासापेक्षा कमी असू शकेल.

यजमानांबद्दल. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, फक्त पुन्हा ग्रुप टूर नको. दोघं जा, पण एकाच गावात पाच-सहा दिवस राहा, परदेशी असो की कोकणात. सकाळचे तीन तास तुमचे, हे निघण्याआधीच ठरवा. काही परदेशी कार्यशाळांमध्ये न लिहिणाऱ्या सोबत्यालाही वेगळे पैसे भरून राहू देतात. ते मात्र पहिल्या वेळी करू नका. कार्यशाळेत तुम्ही एकट्या गेलात तरच दिवसभर लेखक म्हणून वावराल. ते सोबत असले की चष्मा कुठे ठेवला हे तुम्हालाच विचारणार. एकटीने जायची इच्छा आहे हे तुम्ही पत्रात आडून लिहिलंय. त्यांना सरळ सांगा. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

अशीच पत्रं विशी-तिशीतल्या मुलांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. नोकरी सोडून, कर्ज काढून असल्या कार्यशाळेला जाऊ नका. मराठीत प्रवासलेखनाचं मानधन परतीच्या एसटी भाड्याला पुरलं तरी नशीब समजायचं अशी परिस्थिती आहे. 'प्रवास करा आणि कमवा' असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर ती कमाई जाहिरात देणाऱ्याची असते.

आता समजा चांदोदचा आणि काकांचा, असे दोन लेख हातात आले, गटाने ते सोलून काढले, आणि तरीही तुम्हाला बाहेर जाऊन शिकायचंय. तर जरूर जा. तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल आणि काय विचारायचं तेही ठाऊक असेल. कार्यशाळा मात्र नीट पारखून निवडा. पैसे भरण्याआधी आयोजकांना ईमेल करा: लिहिण्याचे आणि वाचनाचे मिळून तास किती? गटात माणसं किती? जाहिरातीतला लेखक सातही दिवस तिथे राहतो की दोन दिवस येऊन जातो? माझी पानं आधी वाचणार का, आणि स्वतंत्र भेट किती वेळाची? इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत लिहिणारे आधी कुणी आले होते का, आणि त्यांचं कसं जमवलं? फीमध्ये खोली दोघांत आहे की स्वतंत्र, आणि स्वतंत्र हवी तर वर किती? शेवटी जो संग्रह छापतात त्यातल्या लेखाचे हक्क कुणाकडे राहतात? माझं रद्द झालं तर किती परत, आणि त्यांनीच रद्द केलं तर किती?

व्हिसाचं थोडक्यात. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे, आणि विम्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! आयोजकांकडून निमंत्रणाचं पत्र घ्या आणि व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. ब्रिटनमधली कार्यशाळा निवडलीत तर तिथल्या व्हिजिटर व्हिसावर ३० दिवसांपर्यंतचा छंदाचा वर्ग करता येतो. पैसे बाहेर पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापेल का आणि किती, ते आधी विचारून ठेवा. कापला गेला तर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

या महिनाअखेर भरल्यास दहा टक्के सवलत, असं तुमच्या जाहिरातीत ठळक छापलंय. त्यापायी घाई करू नका, ते पुढच्या वर्षीही असेल. वरचे प्रश्न विचारून टाका, आणि त्यांचं काय उत्तर येतं ते फी भरण्याआधी मला कळवा.